सोलापुरात पिझ्झ्याच्या पिठाला कोमट पाणी कशाला?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत अंगणातल्या शेगडीवर पिझ्झा भाजण्याची कृती छापून आली. विषय चांगला निवडला. उन्हाळ्यात सोलापूरच्या स्वयंपाकघरात तासभर ओव्हन लावणे म्हणजे घरच भाजून काढणे. त्यापेक्षा दिवेलागणीला अंगणात किंवा गच्चीवर निखारे पेटवलेले बरे. पण त्या कृतीत तीन सूचना अशा आहेत की एप्रिल-मे महिन्यात त्या तंतोतंत पाळणाऱ्याचे आधी पीठ फसेल आणि मग फरशी फुटेल. अर्धा किलो मैद्याला 'दोन चमचे यीस्ट व कोमट पाणी', जाळीवर 'कोणतीही जाड फरशी', आणि वरून भाज्या व चीज 'भरपूर'. तिन्ही दुरुस्त करणे गरजेचे वाटले म्हणून हे पत्र. लांबले आहे, पण कापताना कृपया आकडे कापू नयेत.

कोमट पाण्याचा सल्ला खोटा नाही, तो थंड मुलखातला आहे. स्वयंपाकघर १८-२० अंशांवर असते तिथे पिठाला ऊब देण्यासाठी पाणी कोमट करावे लागते. शिवाय पूर्वीचे जाड दाण्यांचे सुके यीस्ट ३८ ते ४३ अंशांच्या पाण्यात दहा मिनिटे भिजवून जागे करावे लागे. आता बहुतेक दुकानांत मिळते ते बारीक दाण्यांचे इन्स्टंट यीस्ट. ते थेट मैद्यात मिसळायचे असते. म्हणजे कोमट पाण्याची दोन्ही कारणे आपल्याकडे उरत नाहीत, सल्ला मात्र एका कृतीतून दुसऱ्या कृतीत उतरत राहतो.

बेकरीत यासाठी एक ठोकळ हिशेब असतो. मळून झालेले पीठ २५ अंशांच्या आसपास असावे. २५ ची तिप्पट ७५. त्यातून खोलीचे तापमान, मैद्याचे तापमान आणि हाताने मळताना घर्षणाने वाढणारे दोनेक अंश वजा करावेत. उरले ते पाण्याचे तापमान. एप्रिलच्या दुपारी खोली ३६ आणि डब्यातला मैदा ३५ अंशांवर असेल तर उत्तर येते २. म्हणजे चक्क बर्फाचे पाणी. गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत, जानेवारीच्या संध्याकाळी, खोली आणि मैदा दोन्ही २२ वर असतील तर उत्तर २९; तेव्हा पाणी किंचित ऊन केले तरी बिघडत नाही. गाव तेच, कृती तीच, आणि पाण्यात २७ अंशांचा फरक. फूड प्रोसेसरमध्ये मळणार असाल तर पाते फिरून पीठ आणखी दहा-एक अंशांनी तापते. मग नुसते बर्फाचे पाणी पुरत नाही. मैदाही रात्रभर फ्रीजमध्ये ठेवावा लागतो.

यीस्टचेही तेच. चहाच्या सपाट चमच्यात सुमारे तीन ग्रॅम इन्स्टंट यीस्ट बसते. दोन चमचे म्हणजे सहा ग्रॅम. ३६ अंशांच्या खोलीत एवढ्या यीस्टने पीठ तासाच्या आतच दुप्पट होते आणि शेगडी पेटेपर्यंत बसून जाते. अशा पिठाला दारूसारखा उग्र वास येतो, गोळा परातीत पसरतो, उचलला की फाटतो. आणखी एक गंमत होते. पिठातली साखर यीस्टने आधीच खाऊन टाकलेली असते, त्यामुळे भाजताना रंग येत नाही. वरून पांढराफटक म्हणून ठेवत राहावे तर खालून करपतो, आणि दोष निखाऱ्यांना दिला जातो.

आता प्रमाण. २२ ते २४ सेंटिमीटरच्या चार पिझ्झ्यांना मैदा ५०० ग्रॅम, पाणी ३०० ग्रॅम, मीठ १० ग्रॅम, तेल १० ग्रॅम, साखर ५ ग्रॅम आणि इन्स्टंट यीस्ट १ ग्रॅम. थंडीत यीस्ट दीड ते दोन ग्रॅम. चैत्र-वैशाखात आपल्याकडे हवा कोरडी असल्याने मैदाही कोरडा पडतो. तेव्हा पाणी १० ते १५ ग्रॅम जास्त लागते, पावसाळ्यात लागत नाही. वाट्या-चमच्यांनी मोजू नये. एकच वाटी मैदा दाबून भरला आणि चाळून भरला तर वजनात सहज पाचवा हिस्सा फरक पडतो, आणि पिझ्झ्याच्या पिठात पाण्याचा तेवढा फरक म्हणजे एकदा पुरीची घट्ट कणीक, तर एकदा भज्यांचे पीठ.

स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर एक ग्रॅम नीट मोजता येत नाही. त्यासाठी साधी युक्ती आहे. पाच ग्रॅम यीस्ट शंभर ग्रॅम माठातल्या पाण्यात ढवळून विरघळवावे आणि त्यातले २१ ग्रॅम पाणी घ्यावे. त्यात एक ग्रॅम यीस्ट येते. हे पाणी तीनशेतून वजा करून बाकीचे बर्फाचे घ्यावे. इथे माठातलेच पाणी हवे, बर्फाचे नाही. इन्स्टंट यीस्ट कोरडे असताना थेट गार पाण्यात पडले तर त्याच्या पेशी दुखावतात आणि जोर कमी होतो. फोडलेले पाकीट उघड्या फडताळात ठेवले तर उन्हाळ्यात यीस्ट लवकर मरते. हवाबंद बाटलीत घालून बर्फाच्या कप्प्यात ठेवावे. जिवंत आहे की नाही अशी शंका आली तर चिमूटभर यीस्ट आणि चिमूटभर साखर कोमट पाण्यात टाकून दहा मिनिटांत फेस येतो का ते पाहावे. कोमट पाण्याचा उपयोग आहे तो इथे.

मैद्याच्या पाकिटावर मागे प्रथिनांचा आकडा छापलेला असतो, तो वाचावा. शंभर ग्रॅममागे ११ किंवा जास्त असेल तर उत्तम. ९ असेल तर गोळा ताणताना भोके पडतात. अशा वेळी ५०० ग्रॅममध्ये १० ग्रॅम सुके ग्लूटेन (पिठाला ताण देणारे गव्हातले चिवट प्रथिन) मिसळावे, किंवा पाणी २० ग्रॅमने कमी करून पिझ्झा जरा जाड ठेवावा. गव्हाच्या पिठात प्रथिने जास्त असतात हे खरे, पण कोंड्याचे कण पिठाचे धागे कापतात. शंभर ग्रॅमपर्यंत ठीक, त्यापुढे पिझ्झा पोळीकडे झुकतो. खपली गव्हाची खीर आणि पोळी कितीही चांगली होवो, त्याचे ग्लूटेन ताण सोसणारे नसते.

ज्वारीबद्दल मात्र थोडे सविस्तर लिहितो, कारण सोलापूरकराला हा मोह होणारच. भौगोलिक मानांकन मिळालेल्या मंगळवेढ्याच्या ज्वारीचे पीठ मैद्यात मिसळता येते, पण कोरडे मिसळले तर दहा टक्क्यांपुढे जाऊ नये. ज्वारीत ग्लूटेन नसते, म्हणून तर भाकरीची कड थापताना भेगाळते. उकड काढली तर थोडे पुढे जाता येते: ७५ ग्रॅम ज्वारीच्या पिठावर १०० ग्रॅम उकळते पाणी ओतून ढवळावे, झाकून पूर्ण गार करावे आणि ४२५ ग्रॅम मैद्यात मळावे. ते शंभर ग्रॅम पाणी एकूण तीनशेतलेच धरायचे. उकडीत पिठातले स्टार्च फुलते आणि पाणी धरून ठेवते, त्यामुळे पिझ्झा गार झाल्यावरही चामड्यासारखा होत नाही. उकड गरम असताना मळू नये, नाहीतर बर्फाच्या पाण्याचा सगळा हिशेब वाया.

मळण्याचा क्रम असा. मैदा, साखर, यीस्टचे पाणी आणि बर्फाचे पाणी फक्त एकत्र करून ओल्या फडक्याखाली वीस मिनिटे ठेवावे. या वीस मिनिटांत मैदा पाणी पितो आणि निम्मे मळणे आपोआप होते. मग मीठ, शेवटी तेल घालून आठ-दहा मिनिटे मळावे. छोटा तुकडा बोटांवर हळूहळू ताणला असता न फाटता पातळ पडद्यासारखा होऊन त्यातून उजेड दिसला की झाले. फडके ओलेच हवे. इथल्या कोरड्या हवेत उघड्या पिठावर दहा मिनिटांत साय धरते, आणि ती साय पुढे ताणताना फाटते.

यानंतर आपल्या कृतीत 'पीठ दुप्पट होईपर्यंत उबदार जागी ठेवा' असे आहे. सोलापुरात उबदार जागा शोधावी लागत नाही. उन्हाळ्यात पीठ मळल्यावर पंधरा-वीस मिनिटांत त्याचे प्रत्येकी दोनशे ग्रॅमचे चार गोळे करावेत, तेल लावलेल्या झाकणाच्या डब्यांत ठेवावेत आणि लगेच फ्रीजमध्ये टाकावेत. सगळा गोळा एकत्र ठेवू नये. आठशे ग्रॅमच्या गोळ्याचा मधला भाग गार व्हायला दोन-तीन तास घेतो आणि तोवर आतून आंबत राहतो. छोटा गोळा लवकर थंडावतो. फ्रीजमध्ये चोवीस तास, फार तर अठ्ठेचाळीस. एवढ्या वेळात चव येते, जी दोन तासांच्या पिठाला येत नाही. भाजण्याआधी उन्हाळ्यात पाऊण तास, थंडीत दोन तास गोळे बाहेर काढून ठेवावेत. गार गोळा ताणला जात नाही, मागे आखडतो. (खायचा सोडा आणि दही घालून अर्ध्या तासात होणारा पिझ्झाही असतो. तो चवीला वाईट नसतो, पण त्याला नान म्हणावे.)

निखाऱ्यांकडे वळतो. लाकडी कोळसाच हवा, बाभळीचा मिळाला तर चांगला. तो जड असतो आणि आच टिकते. दगडी कोळसा अजिबात नको. त्यातला गंधक आणि धूर अन्नाला लागतो. पेटवायला रॉकेल नको, जुन्या खिडक्या-दारांचे रंगवलेले लाकूड आणि प्लायवूड तर त्याहून नको. पत्र्याच्या नळकांड्यात खाली तीन-चार सेंटिमीटरवर भोके पाडून आडव्या सळया घालाव्यात, वर कोळसा आणि खाली वर्तमानपत्राचे दोन कागद (आपलेही चालेल). वीस मिनिटांत वरचे कोळसे राखाडी होतात. पत्रा जस्ताचा मुलामा दिलेला नसावा. तो तापल्यावर निघणारा धूर विषारी असतो. याच कारणाने जुन्या फ्रीजची जाळी भाजायला घेऊ नये. चार पिझ्झ्यांना साधारण दोन किलो कोळसा लागतो. दोन झाले की पेटलेल्या निखाऱ्यांची भर घालावी. न पेटलेला कोळसा वरून टाकला तर तो आधी उष्णता ओढून घेतो आणि नेमका तिसरा पिझ्झा कच्चा राहतो.

आता फरशी. हीच सूचना सर्वांत धोक्याची आहे. शहाबाद इथून फार लांब नाही. सोलापूरच्या जुन्या घरांत अंगण, ओटा, न्हाणी, सगळीकडे तीच फरशी. 'कोणतीही जाड फरशी' वाचल्यावर हात कोपऱ्यात पडलेल्या शहाबादी तुकड्याकडेच जाणार. शहाबादी म्हणजे थरांवर थर बसून झालेला चुनखडीचा दगड. थरांमध्ये ओल धरलेली असते. निखाऱ्यांवर तिची वाफ होते, वाफेला वाट मिळत नाही, आणि फरशीची कपची ताडकन उडते. वरून कोरडी दिसणारी फरशीही आतून कोरडी असेलच असे नाही. कडप्पा त्याच जातीचा. ग्रॅनाइटमधले वेगवेगळे खनिज-कण तापल्यावर वेगवेगळे प्रसरण पावतात आणि दगड तडकतो. शिवाय चकाकीसाठी लावलेले राळेसारखे द्रव्य जळते. सिमेंटचे पेव्हर ब्लॉकही फुटतात. चकचकीत टाइल तापून चुरा होते आणि तिचा झिलईचा तुकडा पिझ्झ्यात गेला तर दिसतही नाही.

चालते ते हे. भट्ट्यांच्या अस्तराला लावतात त्या फायर ब्रिकच्या पातळ टाइल, २५ ते ३० मिलिमीटर जाडीच्या. साडेअकरा बाय तेवीस सेंटिमीटरच्या तीन शेजारी शेजारी लावल्या की बावीस सेंटिमीटरचा पिझ्झा बसतो. पूर्ण ७५ मिलिमीटरची वीट घेऊ नये. तिला तापवण्यातच कोळसा संपतो. पांढरी, वजनाला हलकी वीटही नको. ती उष्णता अडवायला असते, साठवायला नाही. पिझ्झ्यासाठीच मिळणारा कॉर्डिएराइट या आच सोसणाऱ्या सिरॅमिकचा १२ ते १५ मिलिमीटरचा दगड सर्वांत सोयीचा. हे काही नसेल तर बिडाचा जड तवा. लोखंड-बीड दगडापेक्षा झपाट्याने उष्णता सोडते, त्यामुळे तवा थेट निखाऱ्यांवर ठेवला तर दोन मिनिटांत तळ काळा. निखारे दोन्ही कडांना सरकवावेत, तवा मध्ये. दगडालाही हीच मांडणी: निखारे घोड्याच्या नालासारखे तिन्ही बाजूंनी, दगडाखाली जवळजवळ काही नाही.

दगड हळूहळू तापवावा, चाळीस-पंचेचाळीस मिनिटे. थंड दगड एकदम भर निखाऱ्यांवर ठेवला किंवा तापलेल्यावर पाणी शिंपडले तर चांगला दगडही तडकतो. झाकणाचे ग्रिल असेल तर त्या झाकणावरचा तापमापक हवेचे तापमान सांगतो, दगडाचे नाही. त्यावर विसंबून बहुतेकांचे पिझ्झे बिघडतात. करोनाच्या काळात घरोघरी आलेली कपाळाची बंदूक इथे निरुपयोगी. ती ४२-४३ अंशांच्या पुढे वाचत नाही. कारखान्यात वापरतात तशी पाचशे अंशांपर्यंत वाचणारी घ्यावी. दगड २८० ते ३२० अंशांवर हवा. उपकरण नसेल तर भाकरीचे पीठ चिमूटभर दगडावर टाकावे. सावकाश बदामी झाले तर पिझ्झा घालावा, टाकताक्षणी काळे पडून धूर आला तर पाच मिनिटे झाकण उघडे ठेवावे.

इटलीत नेपल्सच्या पद्धतीत लाकडाच्या भट्टीत ४३० ते ४८० अंशांवर साठ ते नव्वद सेकंदांत पिझ्झा होतो. तिथल्या १९८४ साली स्थापन झालेल्या संघटनेच्या नियमांत पिठात तेल-साखर नसते, आणि त्या आचेला ती लागतही नाही. अंगणातल्या ग्रिलवर ती आच मिळत नाही. पिझ्झा पाच-सहा मिनिटे राहतो आणि तेवढ्यात सुकतो. म्हणून वर दहा ग्रॅम तेल आणि पाच ग्रॅम साखर दिली आहे: तेलाने मऊपणा राहतो, साखरेने कमी आचेतही रंग येतो. नेपल्सची कृती जशीच्या तशी ग्रिलवर करू पाहणे हा हट्ट आहे.

ग्रिलची खरी अडचण वरची बाजू. भट्टीचे बुटके घुमट वरून उष्णता परत फेकते. ग्रिलचे झाकण उंच आणि पातळ, त्यामुळे खाली करपते तरी वर चीज नुसते घामेजलेले. यावर आपल्या प्रत्येक घरात उपाय आहे: मोठी लोखंडी कढई. पिझ्झ्याहून मोठी कढई पंधरा मिनिटे निखाऱ्यांवर पालथी घालून तापवावी आणि पिझ्झा दगडावर सरकवला की त्यावर पालथी ठेवून ग्रिलचे झाकण लावावे. घुमट बुटके होते आणि तापलेले लोखंड वरून आच देते. कढई उचलायला कान धरणारी सांडशी आणि वेल्डिंगवाल्यांचे चामडी हातमोजे हवेत, फडके नको. ॲल्युमिनियमची किंवा नॉनस्टिक कढई अजिबात घेऊ नये. तीन मिनिटांनी पिझ्झा अर्धा फिरवावा, कारण निखाऱ्यांकडची कड नेहमी पुढे असते. त्याआधी झाकण उघडून डोकावू नये. दर वेळी उघडले की वरची उष्णता जाते, दगडाची तशीच राहते, आणि पुन्हा तेच: वर कच्चा, खाली काळा.

दगड नसेल, झाकणही नसेल, नुसती जाळी असेल, तरी पिझ्झा होतो. उलट अंगणासाठी हीच पद्धत आम्हाला जास्त पटते. अमेरिकेत प्रॉव्हिडन्स शहरातल्या 'अल फोर्नो' या रेस्टॉरंटच्या जॉर्ज जर्मॉन आणि जोहॅन किलीन यांनी १९८० च्या दशकात ती प्रसिद्ध केली. पाणी दहा-वीस ग्रॅमने कमी ठेवावे. निखारे ग्रिलच्या अर्ध्या भागातच पसरावेत, उरलेला अर्धा रिकामा. तळहात जाळीवर दहा-बारा सेंटिमीटर उंच धरून तीन-चार सेकंद सहन झाला तर आच बरोबर. दोन सेकंदांतच काढावा लागला तर जास्त. गोळा चार मिलिमीटर जाडीचा पसरावा. इथे लाटणे फिरवले तरी चालते. दगडावरच्या पिझ्झ्याला मात्र लाटणे लावू नये, कडेतली हवा निघून जाते. वरच्या बाजूला तेलाचा हात फिरवून ती बाजू खाली करून जाळीवर टाकावा. जाळीला तेल लावू नये, निखाऱ्यांवर ठिबकून भडका होतो. टाकल्यावर मिनिटभर हात लावू नये. कच्चे पीठ जाळीला धरते, भाजले की आपोआप सुटते. ओढाताण केली की फाटलेच. दीड-दोन मिनिटांत बुडबुडे येतात आणि खाली पट्टे उठतात. मग वरच्या बाजूला तेल लावून पिझ्झा उलटा करून ताटात घ्यावा, म्हणजे भाजलेली बाजू वर. तिच्यावर सॉस-चीज घालून रिकाम्या बाजूला सरकवावा, दोन मिनिटांनी निखाऱ्यांवर मिनिटभर, पुन्हा रिकाम्या बाजूला. कढई पालथी घातली की तीन-चार मिनिटांत चीज वितळते. भाजलेल्या बाजूवर सॉस पडल्याने पिझ्झा ओला होत नाही. पोळीसारखा आधी पूर्ण भाजून मग सॉस घालणारे फसतात. पीठ कडक होते आणि चीज त्यावर नुसते पसरून राहते.

दगडावर सरकवायला फावडे हवे. पातळ प्लाय किंवा काठ नसलेला ॲल्युमिनियमचा ट्रे चालतो. त्यावर बारीक रवा किंवा ज्वारीचे पीठ भुरभुरावे. मैदा नको, तो ओल धरून चिकटतो. सॉस घातल्यापासून दोन मिनिटांत पिझ्झा दगडावर गेला पाहिजे. गप्पा मारत राहिलात तर तळ ओला होऊन फावड्याला चिकटतो आणि सारण निखाऱ्यांवर. घालण्याआधी एकदा हलवून पाहावे, सरकतो ना.

'भरपूर' या शब्दाबद्दल. चोवीस सेंटिमीटरच्या पिझ्झ्याला ६० ग्रॅम सॉस, ७० ते ८० ग्रॅम चीज, आणि भाज्या मिळून ५०-६० ग्रॅम. याहून जास्त म्हणजे जास्त पाणी, आणि पाच मिनिटांत ते उडून जायला वेळ नसतो. बाजारातल्या टोमॅटोत रस फार. अर्धा किलो टोमॅटो किसून, अर्धा चमचा मीठ लावून वीस मिनिटे चाळणीत ठेवावा. खाली जमलेले पाणी आमटीत घालावे. उरलेला गर शिजवायची गरज नाही. कांदा-लसणाची फोडणी देऊन शिजवलेला सॉस पुन्हा निखाऱ्यावर तापला की भाजीसारखा लागतो. ढोबळी मिरची आणि कांदा आधी जाळीवर मिनिटभर शेकून घ्यावेत, पाणी तिथेच उडते.

चीज विकत घेताना पाकिटामागे घटकांत वनस्पती तेल लिहिले आहे का ते पाहावे. असेल तर ते दुधाचे चीज नव्हे. तापल्यावर तेलाची तळी साचतात. किसून मिळणाऱ्या चीजला कण चिकटू नयेत म्हणून स्टार्चसारखी पूड लावलेली असते, त्यामुळे ते नीट एकजीव होत नाही; लादी आणून घरी किसावी. चौकोनी वड्यांचे प्रोसेस्ड चीज मऊ होते पण त्याची तार निघत नाही. पनीर वितळतच नाही, कारण आंबटाने दूध फोडताना दुधातला कॅल्शियम निघून जातो आणि प्रथिनांची जाळी सैल होऊन वाहू शकत नाही. पनीर भाजी म्हणून घालावे, चीज म्हणून नाही.

शेंगाची चटणी पिझ्झ्यावर घालायची तर भाजताना मुळीच नको. दाणे आधीच भाजलेले असतात, तिखट बारीक असते. तीनशे अंशांत दोन्ही मिनिटभरात जळून कडू होतात. पिझ्झा उतरवल्यावर, चीज वाहते असताना, चमचाभर भुरभुरावी. तेलही त्याच वेळी. बेसिलची पाने हवीत म्हणून वृंदावनातली तुळस तोडू नये. ती वेगळी वनस्पती. फालुद्यात ज्याचे बी घालतो तो सब्जा मात्र गोड बेसिलच्याच जातीचा आहे. कुंडीत बी पेरले तर आठवड्यात उगवते, दीड-दोन महिन्यांत पाने तोडता येतात. वास इटालियन वाणापेक्षा उग्र, म्हणून दोन-तीन पानेच, तीही उतरवल्यावर.

शेगडी घरात, बंद गॅलरीत किंवा गच्चीवरच्या पत्र्याच्या बंद खोलीत पेटवू नये, आणि वारा सुटला म्हणून पेटलेली आत आणू नये. निखाऱ्यांतून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. आपल्याकडे संध्याकाळी वारा अचानक फिरतो, तेव्हा ताडपत्री आणि वाळत घातलेल्या चादरींपासून तीन मीटर लांब मांडावी. पाण्याऐवजी वाळूची बादली जवळ ठेवावी. निखाऱ्यांवर पाणी ओतले की वाफेबरोबर राख तोंडावर येते आणि तापलेला दगड तडकतो. काम झाल्यावर झडपा व झाकण बंद केले की कोळसा विझतो आणि उरलेला पुढच्या वेळी वापरता येतो. राख दुसऱ्या दिवशी संध्याकाळीच काढावी, पत्र्याच्या डब्यात. सकाळी गार वाटणाऱ्या राखेच्या पोटात निखारा असतो आणि घंटागाडी त्याच वेळी दारात येते.

आपले,
होटगी रस्ता परिसरातील काही वाचक, सोलापूर